उंबरठा काढायचा होता

माझी मावशी इस्पितळाच्या कपडा खात्यात होती. रुग्णांच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनच्या खोलीतले हिरवे अंगरखे धुऊन आले की ते निवडायचे, फाटलेले बाजूला काढायचे, टाके घालायचे आणि वॉर्डांत पाठवायचे, हे तिचं काम. तळघरातली खोली, एका भिंतीला छतापर्यंत लाकडी खण आणि मधोमध एक लांबलचक टेबल. त्या टेबलाशी तिनं उभ्यानं नोकरी काढली. पाय सुजायचे, पण बसून चादरीची घडी नीट येत नाही, असं तिचं म्हणणं. आम्हा भाचरांपैकी कोणाला ताप आला तरी ती आधी अंथरूण बदलायची, मग औषधाकडे बघायची.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, शिवणयंत्रं विकायचे. दारोदार फिरून. सगळं पोट बोलण्यावर. ज्या बाईला सुईत दोरा ओवता येत नाही तिच्याही घरी काका यंत्र ठेवून येत, आणि वर्षभरानं ती बाई दुसऱ्यांचे कपडे शिवत असे. घरी आल्यावरही तोंडाला विश्रांती नाही. मावशी म्हणायची, "झोपेत तरी गप्प बसा हो, भिंतींना झोप यायची आहे."

मग काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. म्हणजे पुरतं गेलं नाही. शब्द डोक्यात तयार असायचे, पण तोंडाशी येईपर्यंत वाटेत कुठेतरी बसकण मारायचे. काका "मला ते..." म्हणून सुरुवात करायचे, की मावशी पुढचं उरकून टाकायची. "पाणी? चष्मा? खिडकी लावू?" बहुतेक वेळा तिचं बरोबर यायचं. काका मान हलवायचे आणि वाक्य तिथंच सोडून द्यायचे. तिला कामावर जायचं असे, कुकर लावायचा असे, त्यांना पुसायचं असे. वाक्याची वाट बघत बसायला वेळ कुणाला होता?

त्यांचं बाथरूम जुन्या पद्धतीचं होतं. दार अरुंद आणि उंबरठा चांगला वीतभर उंच. चाकांची खुर्ची दारापाशी येऊन थांबायची. तिथून पुढे मावशी काकांच्या काखेत हात घालून त्यांना उचलायची, एक पाय आत, मग दुसरा, मग स्टुलावर. एक दिवस तिची कंबर अशी धरली की दोघंही त्या उंबरठ्याला टेकून बसून राहिली. इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टरांनी तिला जिन्यातच सुनावलं, "आता तुम्ही त्यांना उचललंत, तर घरात दोन खाटा लागतील. आणि दुसरीवर चादर घालायला कोणी नसेल."

तेव्हा कुठे मावशीनं मनावर घेतलं. उंबरठा काढायचा, दार रुंद करायचं, नवी फरशी घालायची आणि भिंतीला धरायला दांड्या बसवायच्या. समोरच्या काकूंनी एक मिस्त्री सुचवला. त्यांच्या कुणाच्या तरी ओळखीचा, हाताला चांगला. "फक्त जरा मागे लागावं लागतं," त्या म्हणाल्या. हे 'जरा' मावशीनं तेव्हा ऐकून सोडून दिलं.

मिस्त्री आला तो हसतच. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, कानावर पेन्सिल. त्यानं आधी काकांना नमस्कार केला, मग बाथरूम बघितलं. भिंतीवर बोटानं टकटक केली, नळ सोडून पाणी कुठे वाहतं ते पाहिलं आणि म्हणाला, "काकू, हे तर आठवड्याचं काम. काकांना राजासारखी आंघोळ घालू." मावशीला पहिल्याच दिवशी तो आवडला. तिनं त्याला चहा दिला. पुढे तिनं त्याला दिलेल्या चहात एक विहीर भरली असती.

पहिल्या दिवशी त्याचा उत्साह बघण्यासारखा होता. हातोडा, छिन्नी, आणि दुपारपर्यंत उंबरठा गेला, फरशी गेली, अर्धी भिंत गेली, कमोडही उचकटून गच्चीच्या जिन्यात जाऊन बसला. संध्याकाळी मावशी कामावरून आली, तर बाथरूमच्या जागी एक खड्डा होता आणि पॅसेजमध्ये राडारोड्याची पोती. "मोडायचं काम झालं की अर्धं काम झालं, काकू," मिस्त्री हात धुताना म्हणाला. "उद्या सकाळी येतो."

तो उद्या काही लवकर उजाडला नाही.

फोन मात्र तो उचलायचा. ही त्याची खासियत. लपवाछपवी नाही, फोन बंद करून ठेवणं नाही. पहिल्या घंटीला आवाज, "हां काकू, वाटेतच आहे." मावशी मला म्हणायची, "याची वाट किती लांब आहे देव जाणे." कधी स्कूटर बिघडली, कधी फरशी चुकीच्या रंगाची आली, कधी मेहुणीचं बाळंतपण. त्याच्या सासूबाई एकदा वारल्या तेव्हा मावशीला वाईट वाटलं. दुसऱ्यांदा वारल्या तेव्हा तिनं फक्त विचारलं, "त्याच का रे?" मिस्त्री म्हणाला, "चुलत, काकू."

इकडे घराची दशा झाली होती. काकांचं सगळं बेडरूममध्येच करावं लागे. इस्पितळातून आणलेली कमोडची खुर्ची, बादली, टॉवेल, आणि खाली जुनी मेणकापडं. बादली उचलून वरच्या मजल्यावर रिकामी करायला न्यायची. वर एक ड्रायव्हर आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहायचा, त्यानं आपलं बाथरूम वापरायला दिलं होतं. मावशी पहाटे उठून स्वतःची आंघोळ वर उरकायची, ओले केस बांधून खाली यायची, काकांना पुसायची, मग बस पकडायची. सिमेंटची धूळ तर विचारूच नका. उशीत धूळ, साखरेत धूळ, काकांच्या चष्म्यावर धूळ. रोज शंभर खाटांना स्वच्छ चादरी पुरवणारी बाई घरी आपल्या चादरी खिडकीतून झटकत बसायची. मी मदतीला जायचो तेव्हा ती बोलता बोलता मधेच थांबायची. आपण काय बोलत होतो हेच तिला आठवायचं नाही.

आणि मिस्त्री येतच नव्हता असंही नाही. तो यायचा. अकरानंतर कधीतरी, मावशी कामावर असताना. बादली उपडी टाकून काकांच्या खुर्चीशेजारी बसायचा आणि गप्पा मारायचा. मग चारदोन फरश्या बसवायचा आणि जायचा. मावशीला हे समोरच्या काकूंकडून कळलं, त्या तिच्यामागे काकांकडे येऊनजाऊन लक्ष ठेवायच्या. एकदा ती लवकर सुटली आणि दारातच थबकली. आतून हसण्याचा आवाज येत होता. एक हसणं मिस्त्रीचं. दुसरं ओळखायला तिला वेळ लागला, कारण ते तिनं बरेच महिने ऐकलं नव्हतं.

काका बोलत होते. "तर ती... बाई... म्हणते..." मग बराच वेळ काही नाही. मिस्त्री थापी गुडघ्यावर ठेवून नुसता बसून होता. सुचवणं नाही, मान हलवणं नाही. "म्हणते... यंत्र... उलटं... शिवतंय." पुन्हा शांतता. "मी बघतो... तर... बाईच... उलटी बसलेली."

मिस्त्री मांडीवर थाप मारून हसला. काकाही हसले, अर्ध्या तोंडानं.

ही गोष्ट मावशीनं लग्नानंतर इतक्या वेळा ऐकली होती की ती तिला पाठ होती. पण त्या दिवशी तिला हसू आलं नाही. तिनं पिशवी जमिनीवर आपटली. "अरे, पाण्याचा पाइप अजून उघडाच आहे! आणि तू इथे गोष्टी ऐकत बसलायस?" मिस्त्री चटकन उठला, "करतोच काकू, आत्ता करतो." काकांचं हसू मावळलं. रात्री तिनं त्यांना भरवताना विचारलं, "त्याच्याशी एवढं बोलता, माझ्याशी नाही?" काकांनी "तुला..." म्हणून सुरुवात केली. ती म्हणाली, "राहू दे, घास गिळा आधी."

हे तिनंच मला पुढे सांगितलं. स्वतःची बाजू न घेता सांगितलं.

एका रजेच्या दिवशी मिस्त्री पुन्हा "वाटेत" होता, तेव्हा मावशीचं डोकं फिरलं. फोनमधून मागे कुकरची शिट्टी ऐकू आली होती, म्हणजे तो कुणाच्या तरी घरात होता. समोरच्या काकूंना काकांजवळ बसवून, विचारत विचारत ती तिथे पोचली. दोन गल्ल्या पलीकडे, तिसरा मजला. दार एका बाईनं उघडलं. कमरेला ओढणी खोचलेली, हातात बाथरूममध्ये विसळून आणलेली भांडी. मागे स्वयंपाकघराच्या जागी खड्डा, आणि दिवाणावर गॅसची शेगडी.

"मिस्त्री आहेत का?" मावशीनं विचारलं.

"आत्ता दहा मिनिटांपूर्वी गेले," ती बाई म्हणाली. "एका आजारी काकांच्या बाथरूमचं काम आहे, अगदी अडलंय म्हणाले, म्हणून मीच म्हटलं जा बाबा आधी. तुम्ही कोण?"

"त्या काकांची बायको," मावशी म्हणाली.

 मग ती बाई खाली, दारातच बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशीही जिन्याच्या पायरीवर बसली. तिला हसायचंही त्राण नव्हतं, पण बसून बरं वाटलं. त्या बाईनं दिवाणावरच्या शेगडीवर चहा केला. तिच्या घरी दोन मुलं, नवरा फिरतीवर, आणि काम घेताना मिस्त्रीनं तिला शपथेवर सांगितलं होतं की तिच्याशिवाय त्यानं दुसरं काम हातात घेतलेलंच नाही. "माणूस वाईट नाही हो," ती म्हणाली. "त्याला कुणाला नाही म्हणताच येत नाही."

"त्यापेक्षा वाईट असता तर परवडलं असतं, ताई," मावशी म्हणाली. "वाईट माणसाला एका दिवसात हाकलता येतं."

दोघींनी ठरवलं. आधी बाथरूम, कारण घरात आजारी माणूस आहे. ते पुरं होईपर्यंत तो स्वयंपाकघराकडे आला तर ती बाई त्याला दारातूनच परत पाठवणार. मिस्त्रीला दोघींनी एकाच फोनवरून हे ऐकवलं. "बरं झालं, काकू," तो मोकळेपणानं म्हणाला. "मलाच कळत नव्हतं कुठे जाऊ."

आणि खरंच, काही दिवस काम झालं. फरशी बसली, भिंतींना गिलावा झाला, दार रुंद झालं. मावशी मला फोनवर म्हणाली, "दिसायला तर लागलंय बाथरूमसारखं." तिच्या आवाजात आनंद नव्हता, पण आशा होती.

मग तो दिवस आला. मावशीची सकाळची पाळी होती. मिस्त्री वेळेवर आला. तो आहे म्हटल्यावर समोरच्या काकू निश्चिंत झाल्या आणि बरेच दिवस टाळलेल्या दाताच्या डॉक्टरांकडे गेल्या. मिस्त्रीनं काकांना चाकांच्या खुर्चीतून थेट आत नेलं, उंबरठा नाही, काही नाही. आत एक प्लास्टिकची खुर्ची होती. चाकांची खुर्ची ताज्या भिंतींना घासू नये म्हणून त्यानं काकांना त्या खुर्चीवर बसवलं आणि चाकांची खुर्ची बाहेर हॉलमध्ये नेऊन ठेवली. "बसा काका, कसं वाटतंय सांगा. मी दांड्यांचे स्क्रू घेऊन आलोच."

तो गेला आणि आलाच नाही.

मावशी घरी आली तेव्हा दुपार उलटली होती. दार नुसतं ओढून घेतलेलं. हाक मारली तर उत्तर नाही. बेडरूम रिकामी. काका बाथरूममध्ये, त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, एका बाजूला कलंडून, डाव्या हातानं नळ धरून बसलेले. पायजमा ओला झाला होता. ओठ सुकलेले. नळ हातात होता, पण पाणी बंद केलेलं.

तिनं त्यांना पाणी पाजलं, कपडे सोडवले, चादर गुंडाळली. उचलायला गेली तर कंबरेत कळ आली आणि डोळ्यांपुढे काळं. त्यांना एकटीनं उठवणं शक्यच नव्हतं. समोरच्या काकूंच्या दाराला अजून कुलूप होतं, म्हणून वरच्या ड्रायव्हरला फोन केला. तो म्हणाला, "गाडी पोचवून येतो मावशी, तासभर लागेल. तोवर हलवू नका."

मग मावशी सिमेंटच्या पोत्यावर बसली, काकांच्या पायाशी. कुकर लावायला उठता येत नव्हतं, कारण त्यांचा तोल सांभाळायला हवा होता. धुवायला टाकता येत नव्हतं, झटकता येत नव्हतं. किती तरी दिवसांनी तिच्या हाताला काही काम नव्हतं.

काका म्हणाले, "येईल... तो."

"नाही येणार," मावशी म्हणाली. "अजून त्याचीच बाजू घेता? तुमचं काय झालं असतं आज?"

काका काही तरी बोलू लागले. ती सवयीनं "थंडी वाजतेय?" म्हणणार होती. पण उठून काही आणता येणारच नव्हतं, मग विचारून काय करायचं? ती गप्प राहिली. नुसती बघत राहिली. त्यांचा ओठ हलला, थांबला, पुन्हा हलला. कपाळावरची शीर फुगली. बाहेर कुणी तरी स्कूटर चालू केली, ती गेली, तरी शब्द यायचा होता.

"तो... घाईत... नसतो," काका म्हणाले.

मावशीला ते लागलं. "मला घाई का असते, माहितीये?"

पुन्हा तेवढाच वेळ.

"माझ्या...मुळे."

यावर 'तसं नाही हो, असं काय बोलता' म्हणता आलं असतं. दुसऱ्या कुणी म्हटलंही असतं. मावशी म्हणाली नाही. खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती, असं ती मला म्हणाली. तिनं फक्त डोकं त्यांच्या गुडघ्यावर टेकलं. काकांनी नळावरचा हात सोडून तिच्या केसांवर ठेवला. हात थंडगार होता. "तू... दमलीस," ते म्हणाले. तिला वाटलं वाक्य संपलं. पण त्यांना अजून बोलायचं होतं, आणि ते येईपर्यंत ती थांबली. "मला... दिसतं."

ड्रायव्हर आला तेव्हा दोघं तशीच बसलेली होती. त्यानं काकांना एका झटक्यात उचलून खाटेवर ठेवलं आणि मिस्त्रीच्या नावानं अशा शिव्या दिल्या की मावशीला बरं वाटलं. तिच्याच्यानं त्या दिल्या गेल्या नसत्या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री सकाळी सकाळी हजर. हातात स्क्रूची पुडी. दुकानाबाहेर कुणी ओळखीचा भेटला, त्याच्या गच्चीतून पाणी गळत होतं, नुसतं बघून येतो म्हणून गेला, आणि मग... मावशीनं त्याला पुढे बोलू दिलं नाही. आवाजही चढवला नाही. "हत्यारं उचल आणि जा," ती म्हणाली. "पुन्हा येऊ नकोस."

आदल्या दिवशी काय झालं ते कळल्यावर मिस्त्रीचा चेहरा पडला. ते नाटक नव्हतं, मावशी सांगते, खरंच पडला. डोळे भरून आले. "काकांना भेटू तरी द्या," तो म्हणाला. तिनं भेटू दिलं. तो खाटेशी उकिडवा बसला. काकांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मिस्त्रीनंही घाई केली नाही.

"आलोच... म्हणालास," काका म्हणाले.

एवढंच.  मिस्त्री उठला, त्यांच्या पायांना हात लावून निघाला. दर रविवारी भेटायला येईन, असं दारात म्हणाला. मावशीनं ते ऐकून घेतलं.

पुढचं काम दुसऱ्या एकानं केलं. हा सुकलेला, आंबट तोंडाचा माणूस. चहा नको म्हणायचा, बोलायचा नाही, आणि सांगितलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी दारात. त्यानं पहिल्याच दिवशी बादलीभर पाणी ओतून दाखवलं. फरशीचा उतार उलटा होता, पाणी बेडरूमकडे धावत होतं. एवढे दिवस ज्याची वाट बघितली ती फरशी पुन्हा फोडावी लागली. पुन्हा पोती, पुन्हा धूळ. मावशी हताश होऊन दारात उभी राहिली, मग कामावर निघून गेली. काकांनी त्या माणसाला दोनदा काही तरी सांगायचा प्रयत्न केला. त्यानं "हो हो" म्हटलं आणि ड्रिल चालू केलं. पण काम चोख झालं. दांड्या अशा बसल्या की ड्रायव्हर त्यांना लोंबकळून बघून गेला.

काकांनी नव्या बाथरूममध्ये पहिली आंघोळ केली तेव्हा मावशीनं गरम पाण्याचा नळ बराच वेळ सोडून ठेवला. खुर्ची सरळ आत गेली, कुणाला उचलावं लागलं नाही. त्यांना पुसून, कपडे घालून खाटेवर बसवल्यावर तिनं रजा टाकली आणि शेजारी आडवी झाली ती संध्याकाळी उठली.

मिस्त्री रविवारी आला नाही. पुढच्याही आला नाही. काका काही रविवार दाराकडे बघायचे, मग त्यांनी बघणं सोडलं. त्या दुसऱ्या बाईचं स्वयंपाकघरही शेवटी त्या आंबट माणसानंच पुरं केलं. ती आता अधूनमधून मावशीकडे येते. तिनं बातमी आणली की मिस्त्रीनं तिसरीकडे एका घराची गॅलरी फोडून ठेवली आहे. फोडताना तो फार उत्साहात होता म्हणे.

मावशी काही बदलली वगैरे नाही. अजूनही सकाळी ती काकांची वाक्यं तोडते, कारण बस थांबत नाही. पण संध्याकाळी, कुकर उतरला की ती त्यांच्याजवळ बसते आणि त्यांना जे म्हणायचं ते म्हणू देते. रोज नाही. अंगात असेल त्या दिवशी.

परवा मी गेलो तेव्हा हे सगळं मला काकांनीच सांगायला घेतलं. मिस्त्रीच्या दुसऱ्यांदा वारलेल्या सासूबाईंपर्यंत पोचेस्तोवर माझा चहा गार झाला. मावशी समोरच्या खुर्चीत होती. तिनं एकही शब्द पुरवला नाही. मला वाटलं, ती मुद्दाम थांबली आहे. पण काका बोलायचे थांबले आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला तिच्याकडे खुणावलं. तिला बसल्या बसल्या झोप लागली होती.